ना नाव माहिती, ना गाव, ना जात… शेगावच्या गजानन महाराजांनी ‘सगळं एकच’ हे जगून कसं दाखवलं?

एखादा अनोळखी माणूस गावात आला की आपला पहिला प्रश्न काय असतो? नाव काय? मग गाव कुठलं? मग आडनावावरून अंदाज, पाहुण्यारावळ्यांची चौकशी, आणि शेवटी जो प्रश्न तोंडावर विचारला जात नाही पण मनात असतोच, तो म्हणजे जात कोणती?

एवढं कळलं की आपल्याला बरं वाटतं. माणूस कुठल्यातरी खणात बसवला गेला की त्याच्याशी कसं बोलायचं, कुठे बसवायचं, पाणी कशातून द्यायचं, हे सगळं ठरतं.

आता असा एक माणूस डोळ्यांसमोर आणा, ज्याच्याबद्दल यातला एकही प्रश्न सुटला नाही. तो एका गावात ३२ वर्षं वावरला. त्याच्या दर्शनाला हजारो लोक आले. आज त्याच्या समाधीसाठी महाराष्ट्रभरातून रेल्वे भरभरून लोक येतात. तरीही त्याचं जन्माचं नाव कोणतं, आईवडील कोण, गाव कुठलं, याचं पक्कं उत्तर कोणाकडे नाही.

बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावच्या गजानन महाराजांची ही गोष्ट.

तो काळ मोजणीचा होता

महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते २३ फेब्रुवारी १८७८ या दिवशी. तिथीने माघ वद्य सप्तमी. वऱ्हाड तेव्हा नावाला निजामाचं आणि कारभाराला इंग्रजांचं होतं. १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला होता. शेजारच्या खामगावचा कापूस बाजार नावाजलेला होता, मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे शेगावातून धावत होती. पैसा, व्यापारी, कोर्टकचेऱ्या सगळं आलं होतं.

आणि सरकार माणसं मोजायला लागलं होतं. वऱ्हाडात १८६७ मध्येच खानेसुमारी झाली होती. १८८१ मध्ये तर सगळ्या देशात एकाच वेळी शिरगणती झाली. नाव, धर्म, जात, धंदा अशा रकान्यांत माणसं भरली जात होती. गावात जातीच्या भिंती आधीपासून होत्याच, आता त्या सरकारी कागदावरही आल्या.

अशा काळात शेगावात एक असा माणूस उगवला ज्याचा रकाना कोणालाच भरता येईना.

उष्ट्या पत्रावळ्या आणि हाळातलं पाणी

महाराजांची बरीचशी माहिती मिळते ती ‘श्रीगजाननविजय’ या पोथीतून. दासगणू महाराजांनी ती १९३९ मध्ये लिहिली. त्यांचं मूळ नाव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. २१ अध्यायांची ही पोथी आजही वऱ्हाडात घरोघरी वाचली जाते. ती महाराजांच्या समाधीनंतर २९ वर्षांनी, भक्तांकडच्या आठवणींवरून रचलेली आहे. त्यामुळे तिच्यात इतिहास आणि श्रद्धा दोन्ही एकत्र नांदतात. पुढचे प्रसंग वाचताना हे लक्षात ठेवलं की झालं.

पोथी सांगते ती पहिल्या दिवसाची गोष्ट अशी. शेगावात देविदास पातुरकरांच्या मठात घरगुती कार्य होतं. जेवणाच्या पंगती उठल्या, उष्ट्या पत्रावळ्या बाहेर टाकल्या गेल्या. भर दुपारची वेळ. तिथे एक तरुण बसून त्या पत्रावळ्यांवरची भाताची शितं वेचून खात होता. अंगात जुनी बंडी, जवळ पाणी प्यायला एक भोपळा आणि मातीची कच्ची चिलीम. बाकी काही नाही.

येणारेजाणारे वेडा समजून पुढे जात होते. बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी हे दोघे मात्र थांबले. बंकटलालांना वाटलं, भुकेला असता तर ह्याने मागून घेतलं असतं. गावचं जेवण चालू आहे, कोणी नाही म्हणालं नसतं. मग हा उष्टी शितंच का वेचतोय?

त्यांनी देविदासांना सांगून चांगलं भरलेलं ताट आणवलं. त्या तरुणाने काय केलं? भात, भाजी, पक्वान्न सगळं एकत्र कालवलं आणि खाऊन टाकलं. गोड कुठलं, तिखट कुठलं, याचा पत्ताच ठेवला नाही. एका मिनिटापूर्वी उष्टी शितं खात होता आणि आता पंचपक्वान्न, पण चेहऱ्यावर फरक नाही.

दामोदरपंत पाणी आणायला गेले. ते येईपर्यंत हा उठला आणि गुराढोरांना पाणी पिण्यासाठी जो हाळ असतो, त्यातलं पाणी प्याला. दामोदरपंत म्हणाले, हे पाणी घाण आहे, मी चांगलं आणलंय. पोथीत यावर महाराजांचं जे उत्तर येतं त्याचा सारांश असा की, सगळं जग ज्या एका तत्त्वाने भरलंय त्याला गढूळ आणि निर्मळ असा भेद नाही. पाणीही तेच आणि पिणाराही तेच.

दोघे पाया पडायला वाकले, तोवर हा माणूस निघून गेला.

हंस वेगळं करतो, आणि हंसच सांगतो…

बंकटलालांना चैन पडेना. गावभर शोध घेतला. पुन्हा भेट झाली ती एका कीर्तनात.

शेगावातल्या महादेवाच्या मंदिरात गोविंदबुवा टाकळीकरांचं कीर्तन होतं. बुवांनी निरूपणाला हंसगीतेतला एक श्लोक घेतला होता. त्यांनी श्लोकाच्या पहिल्या अर्ध्याचं विवरण केलं आणि बाहेर बसलेल्या या माणसाने उरलेला अर्धा म्हणून दाखवला. बुवा चकित झाले. ज्याला सगळे वेडा समजत होते त्याला भागवत येत होतं.

आता ही हंसगीता काय आहे ते बघण्यासारखं आहे.

ती भागवताच्या अकराव्या स्कंधात येते. याच स्कंधावर पैठणच्या संत एकनाथांनी मराठीत टीका लिहिली, तेच एकनाथी भागवत. कथा अशी आहे की ब्रह्मदेवाच्या मुलांना एक कोडं पडतं. मन विषयांत गुंतलेलं असतं आणि विषय मनात, मग ही दोन एकमेकांपासून वेगळी करायची कशी? ब्रह्मदेवालाही उत्तर सुचत नाही. तेव्हा विष्णू हंसाच्या रूपात येतो. मुलं त्याला साहजिक पहिला प्रश्न विचारतात, तू कोण आहेस?

हंस त्या प्रश्नालाच हात घालतो. तुम्ही आत्म्याबद्दल विचारत असाल तर तो सगळ्यांत एकच आहे, मग तू कोण या प्रश्नाला अर्थच उरत नाही. आणि शरीराबद्दल विचारत असाल तर सगळी शरीरं त्याच पाच महाभूतांची बनलेली आहेत, मग तरीही प्रश्न नुसता बोलण्यापुरताच.

गंमत बघा. हंस हा आपल्याकडे कशाचं प्रतीक आहे? नीरक्षीरविवेकाचं. दूध आणि पाणी वेगळं करणारा पक्षी. आणि तोच इथे सांगतोय की मुळाशी वेगळं काही नाही.

शेगाव गाव त्या माणसाला हाच प्रश्न विचारत होतं. तू कोण?

मग आपल्याला वस्तू वेगळ्या दिसतात कशा?

इथे थोडं थांबून वेदान्त काय सांगतो ते समजून घेऊ. कारण सगळं एकच आहे असं म्हणणं सोपं आहे, पण डोळ्यांसमोर तर झाड वेगळं, दगड वेगळा आणि शेजारी वेगळा दिसतो. ते खोटं म्हणायचं का?

विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’ या ग्रंथात भेदाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि उदाहरण झाडाचं आहे. झाड आणि दगड यांच्यातला फरक म्हणजे विजातीय भेद, दोघांची जातच वेगळी. एक झाड आणि दुसरं झाड यांच्यातला फरक म्हणजे सजातीय भेद. आणि एकाच झाडाची पानं, फुलं, फळं यांच्यातला फरक म्हणजे स्वगत भेद, म्हणजे एकाच वस्तूच्या आतला भेद. जगात आपण जे काही वेगळं करतो ते या तिन्हीपैकी कुठल्यातरी एका प्रकारात बसतं. वेदान्ताचं म्हणणं असं की ब्रह्म या मूळ तत्त्वात या तिन्हींपैकी एकही भेद नाही. त्याच्यासारखं दुसरं नाही, त्याच्याहून निराळं काही नाही आणि त्याच्या आत तुकडे नाहीत.

मग भेद येतो कुठून? उत्तर आहे नाम आणि रूप. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मातीचं उदाहरण देतो. घट असो, परळ असो की रांजण, माती तीच. वेगळा झाला तो आकार आणि त्या आकाराला आपण दिलेलं नाव. दुसरं प्रसिद्ध उदाहरण आकाशाचं. रिकाम्या घड्यातली पोकळी आणि खोलीतली पोकळी वेगळी वाटते. घडा फुटला की कळतं, पोकळीचे तुकडे कधी झालेच नव्हते.

पण म्हणून घडा आणि रांजण यांत फरकच करायचा नाही का? अद्वैत वेदान्तात याचंही उत्तर आहे. त्यात सत्याच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत. अंधारात दोरी सापासारखी दिसली, तर तो साप प्रातिभासिक, म्हणजे दिवा लावला की संपणारा. रोजच्या जगातली दोरी, घडा, पाणी, माणसं ही व्यावहारिक सत्तेतली, जगताना खरीच. आणि सगळ्यांच्या मुळाशी जे एक आहे ते पारमार्थिक.

याचं उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातच सापडतं. लोणारच्या विवरात तळ्याचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे, पिता येत नाही. त्याच विवराच्या काठाशी गोड्या पाण्याची धार बारमाही वाहते. दोन्ही पाणीच. पण तहानलेल्या माणसाला हा फरक कळलाच पाहिजे. व्यवहारात भेद लागतो. त्याच्याशिवाय स्वयंपाक होत नाही, औषध देता येत नाही, मुलाला नाव ठेवता येत नाही.

म्हणजे हाळातल्या पाण्याच्या प्रसंगाचा अर्थ गढूळ पाणी प्यावं असा नाही. त्यातून प्रश्न निघतो तो वेगळाच. पाण्याचा फरक आपण तहानेसाठी करतोय की मान-अपमानासाठी?

नाव मिळालं ते जपावरून

बंकटलालांनी या माणसाला घरी नेलं. लोक दर्शनाला येऊ लागले. पण हाक कशी मारायची? त्याने नाव सांगितलंच नव्हतं.

तो सतत एक जप पुटपुटत असे, गण गण गणात बोते. लोकांनी त्यावरूनच त्याला गजानन म्हणायला सुरुवात केली. म्हणजे जगातल्या बाकी सगळ्यांना नाव जन्मानंतर मिळतं ते घरच्यांकडून, यांना मिळालं ते ऐकणाऱ्यांकडून.

या जपाचा अर्थ काय यावर बरीच चर्चा होते. पोथीतला उलगडा असा आहे की गण म्हणजे जीव, आणि गणात म्हणजे ब्रह्मात. जीव हा ब्रह्माहून वेगळा नाही, तो त्यातच आहे असं समज, हा त्याचा भाव. सुरुवातीचा शब्द मोजण्याच्या अर्थाने घेतला जातो. सरकार माणसं मोजत होतं ती वेगवेगळी करून. इथे मोजायला सांगितलं जात होतं ते एकात एक धरून.

हा नक्की कोणापैकी?

नाव मिळालं तरी लोकांचं समाधान झालं नाही. माणसाचा स्वभावच तो. महाराजांना कुठल्यातरी खणात बसवायचे प्रयत्न पोथीत जागोजागी दिसतात.

एकदा तेलंगी ब्राह्मण दक्षिणेच्या आशेने आले आणि वेदमंत्र म्हणू लागले. त्यांची चूक झाली तिथे महाराजांनी उठून तेच मंत्र बिनचूक म्हणून दाखवले. झालं, लोकांनी लगेच अंदाज बांधला की महाराज ब्राह्मण असावेत. पण मग हेच महाराज कोणाच्याही घरचं खात, कोणाचीही चिलीम ओढत आणि अंगावर कपडा नसताना गावभर फिरत. तो अंदाजही टिकेना.

पुढे त्यांच्या मूळ गावाबद्दल, गुरूंबद्दल वेगवेगळ्या कथा पसरल्या. कोणी त्यांचा संबंध एका ठिकाणाशी जोडला, कोणी दुसऱ्या. सर्वमान्य पुरावा कशालाच मिळाला नाही.

दर्शनाला येणारेही आपापल्या ओळखीचंच रूप बघत. बाळापूरचे बाळकृष्णबुवा रामदासी होते, त्यांना महाराजांच्या जागी समर्थ रामदास दिसले असं पोथी सांगते. पंढरपूरला बापूना काळे यांना विठ्ठलाचं दर्शन राहून गेलं म्हणून ते रडत होते, त्यांना महाराजांतच विठ्ठल दिसला. माणूस एकच, बघणाऱ्यागणिक रूप निराळं. चमत्कार माना किंवा मानू नका, पण वस्तूचा आकार काही अंशी बघणाऱ्याच्या डोळ्यातही असतो, हे यातून दिसतंच.

कायद्यालाही त्यांना खणात बसवणं जमलं नाही. रेल्वेने जाताना ते डब्यात विवस्त्र बसले म्हणून त्यांच्यावर खटला झाल्याची हकिकत पोथीत आहे. खटला बापूसाहेब जठार यांच्यासमोर आला. कायद्याने प्रश्न सरळ होता, नग्न फिरणं हा गुन्हा. पण समोर उभा असलेला माणूस गुन्हेगार, वेडा आणि साधू यांपैकी नेमका कोण, हे कायद्याच्या पुस्तकात नव्हतं. शेवटी महाराजांना सोडण्यात आलं आणि काळजी घेतली नाही म्हणून सोबतच्या सेवेकऱ्याला ५ रुपये दंड झाला.

हा निकाल मजेशीर वाटतो, पण त्यात व्यवहार आणि परमार्थ यांचा मेळ नेमका बसलाय. ज्याला लाज आणि कपडा यांतला भेद उरला नाही त्याला शिक्षा नाही. पण ज्याला तो भेद कळतो त्याची जबाबदारी सुटत नाही.

ज्याला सगळे दूर ठेवत तो गंगाभारती

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग. तत्त्वज्ञानाची खरी परीक्षा इथे लागते.

सवडद गावचा गंगाभारती नावाचा एक गोसावी होता. त्याला कुष्ठरोग झाला होता. त्या काळात कुष्ठरोग म्हणजे जिवंतपणी मरण. घर सुटायचं, गाव सुटायचं, कोणी जवळ उभं करायचं नाही. हा माणूस महाराजांकडे आला तेव्हा लोक त्याला पुढे जाऊ देईनात. लांबूनच दर्शन घे, पायाला हात लावू नकोस, असं बजावलं.

एक दिवस लोकांचा डोळा चुकवून त्याने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलंच. पोथीत पुढे जे येतं ते ऐकायला विचित्र आहे. महाराजांनी त्याला मारलं आणि त्याच्या अंगावर थुंकले. बघणाऱ्यांना तो अपमान वाटला. गंगाभारतीने मात्र तेच औषध मानून अंगाला चोळलं. तो शेगावातच राहिला, एकतारीवर भजनं म्हणू लागला आणि पुढे बरा झाला, असं पोथी सांगते.

रोग कसा बरा झाला हा श्रद्धेचा भाग. कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो आणि त्यासाठी दवाखान्यातच जायला हवं. पण या कथेतली दुसरी गोष्ट कोणत्याही श्रद्धेशिवाय कळते. ज्या माणसाला स्पर्शसुद्धा मिळत नव्हता, त्याला लोकांच्या गराड्यात जागा मिळाली आणि त्याचं भजन गावाने ऐकलं. रोगी आणि निरोगी हा भेद वैद्याला लागतो. पण त्या भेदावरून माणूसच बाद करणं, हा गावाने त्यावर चढवलेला मजला होता.

अकोटच्या नरसिंग महाराजांशी गजानन महाराजांचं भावासारखं नातं होतं. नरसिंग महाराज कोतशा अल्ली या मुसलमान साधूचे शिष्य, शिवाय प्रपंचात राहिलेले. इकडे हे घरदार नसलेले अवलिया. मार्ग निराळा म्हणून दोघांत कोणी कोणाला कमी लेखलं नाही. कुरूमच्या मेहताबशा या फकिराशी त्यांच्या झालेल्या भेटीचाही प्रसंग पोथीत येतो आणि हिंदू-मुसलमानांनी भांडू नये असाच त्याचा रोख आहे.

पण एक प्रश्न उरतोच

सगळं एकच आहे हे आपल्याकडे हजारो वर्षं सांगितलं गेलं. मग जातिभेद टिकला कसा?

याचं उत्तर शोधायला बुलढाणा जिल्ह्याच्या बाहेर जावं लागत नाही. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे गाव परंपरेने संत चोखामेळ्यांचं जन्मगाव मानलं जातं. चौदाव्या शतकातला हा विठ्ठलभक्त. महार जातीत जन्मला म्हणून त्यांना पंढरपूरच्या देवळात पाऊल ठेवता आलं नाही. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती अंगावर कोसळून ते गेले. त्यांची समाधी झाली ती देवळाच्या दारात, आत नाही.

जे लोक त्यांना अडवत होते, त्यांना अद्वैत ठाऊक नव्हतं असं नाही. युक्ती अशी होती की परमार्थात सगळे एक, पण व्यवहारात भेद पाळायचाच. व्यावहारिक सत्य ही जी पायरी घडा आणि रांजण ओळखण्यासाठी होती, तिच्यावर उच्च-नीच आणून बसवलं. फरक करणं वेगळं आणि फरकाला पायरी लावणं वेगळं, हेच त्यांनी एकत्र केलं.

गजानन महाराज शेवटचे पंढरपूरला गेले ते १९१० च्या आषाढीला. तेव्हाही विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं नव्हतं. ते खुलं व्हायला १९४७ उजाडावं लागलं, साने गुरुजींना १० दिवस उपोषण करावं लागलं. म्हणजे नुसतं तत्त्वज्ञान पुरत नाही. ते हाळाच्या पाण्यापर्यंत, पंगतीपर्यंत आणि देवळाच्या दारापर्यंत खाली यावं लागतं.

टिळक, भाकरी आणि मंडाले

मे १९०८ मध्ये अकोल्याला शिवजयंतीचा मोठा उत्सव झाला. लोकमान्य टिळक अध्यक्ष आणि मंचावर गजानन महाराजही होते. दीड-दोन महिन्यांत टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि ६ वर्षांची शिक्षा झाली. महाराजांनी टिळकांसाठी प्रसाद म्हणून भाकरी पाठवली आणि ती तुरुंगात त्यांच्यापर्यंत पोहोचली, अशी आठवण पोथीत आहे.

मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झालं. भक्त या ग्रंथाचा संबंध महाराजांच्या आशीर्वादाशी जोडतात. ते बाजूला ठेवलं तरी त्यातला मुद्दा इथल्या विषयाला अगदी चिकटून आहे. टिळक अद्वैत मानतात. पण एक तत्त्व कळलं म्हणून ज्ञानी माणसाने जग सोडून बसावं, हे ते मानत नाहीत. उलट सगळ्यांत एकच आत्मा आहे हे कळल्यावरच माणूस भेदांनी भरलेल्या या जगात निःस्वार्थपणे काम करू शकतो, असं त्यांचं म्हणणं.

त्याच वर्षी शेगावातही एक पक्कं व्यावहारिक काम झालं. १२ सप्टेंबर १९०८ रोजी महाराजांच्या हयातीतच संस्थानचा कारभार बघायला विश्वस्त मंडळ नेमलं गेलं. ज्याला स्वतःचं आणि परक्याचं कळत नाही असं लोक म्हणत, त्याच्या नावाच्या संस्थानचे हिशेब मात्र पहिल्यापासून काटेकोर ठेवायचे ठरले. पुढे शिवशंकरभाऊ पाटील यांच्या काळात हे संस्थान स्वच्छतेसाठी, शिस्तीसाठी आणि विनामोबदला राबणाऱ्या सेवेकऱ्यांसाठी देशभर ओळखलं जाऊ लागलं. ४ ऑगस्ट २०२१ रोजी शिवशंकरभाऊंचं निधन झालं.

मातीचा गणपती

पंढरपूरहून परतल्यावर भाद्रपद आला. गणेश चतुर्थीच्या दिवशी महाराजांनी भक्तांना जवळ बोलावलं. पोथीनुसार त्यांनी निरोपासाठी उदाहरण दिलं ते घरच्या पार्थिव गणपतीचं. आपण मातीचा गणपती आणतो, त्याची प्राणप्रतिष्ठा करतो, पूजा करतो, नैवेद्य दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात बोळवतो. त्याचं दुःख करायचं नसतं. या देहाचंही तसंच आहे.

श्वेतकेतूला सांगितलेली माती ती हीच. एक दिवसापुरतं तिला रूप येतं, नाव मिळतं, आरती होते. त्या दिवशी तो गणपती खराच असतो, कोणी त्याला नुसती माती म्हणत नाही. आणि विसर्जनानंतर माती कुठे जात नाही.

दुसऱ्या दिवशी, ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला गजानन महाराजांनी देह ठेवला. समाधी शेगावातच आहे.

ते कोण होते, कुठून आले, कोणाच्या पोटी जन्मले, हे प्रश्न तेव्हाही सुटले नाहीत आणि आजही सुटलेले नाहीत. पण शेगावच्या दर्शनरांगेत उभं राहिलं की पुढे कोण आहे आणि मागे कोण, हे कोणी कोणाला विचारत नाही. महाप्रसादाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याचं आडनावही माहीत नसतं. ताटात पिठलं-भाकरी पडते आणि माणूस जेवायला लागतो.